कळलावीचे चार पावसाळे

पोळ्याच्या सुमारास चंद्रपूरहून कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळलावी दिसायला लागते. कधी बांबूच्या रांजीत, कधी येनाच्या कोवळ्या झाडावर, कधी कुणाच्या काटेरी कुंपणावर. पानाचं टोक लांबत जातं आणि त्याचा आकडा होतो. त्या आकड्यांनीच वेल वर सरकते. कळी हिरवी असते, खाली मान घालून लोंबते. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या वर फिरतात, कडा मुरडलेल्या. आधी पिवळं, मग शेंदरी, मग लालभडक. एकाच वेलीवर तिन्ही रंगांची फुलं एका वेळी असतात. तमिळनाडूने हिला राज्यफूल केलं, झिंबाब्वेने राष्ट्रीय फूल. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ ऱ्होडेशियात गेली तेव्हा तिला हिऱ्यांची कळलावी भेट मिळाली. गोव्यात चवथीच्या माटोळीला ही फुलं, फळं लागतात.

गोंडपिपरीत मात्र हिच्यावरून काका-पुतण्यात वाद आहे. काकाजी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आता सांदवाडीत रोपं करतात. पुतण्या दोन एकर शेत मक्त्याने करतो. कापूस, थोडं सोयाबीन, बांधीत घरापुरता धान. दोघांनाही कळलावी लावायची आहे. काकाजींना ती बियांपासून हवी आहे, पुतण्याला कंदापासून. इतक्याशा फरकावर एवढं बोलण्यासारखं काय असेल, असं मलाही वाटलं होतं. पण दोघं बोलायला बसले की शेताचा, जंगलाचा, पैशाचा सगळा हिशेब त्यात येतो. मी ऐकायला होतो. माझा कल आधीपासून काकाजींकडे होता, हे सांगून टाकलेलं बरं. पुतण्याने तो तसाच राहू दिला नाही.

पुतण्या — काकाजी, तमिळनाडूत दिंडीगुल, करूरकडे लोक एकरच्या एकर कळलावी लावतात. बी विकतात. त्या बियांतून औषध निघते. आपल्या जंगलात ती फुकट उगवते आणि आपण नुसतं फूल पाहतो.

काकाजी — औषध निघतं ते कोल्चिसिन. गाऊटवर देतात, पायाचा अंगठा सुजून ठणकतो त्याच्यावर. २०२३ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या रोग्यांसाठीही त्याच्या छोट्या मात्रेला परवानगी मिळाली. मागणी आहे, नाही कोण म्हणतं? पण तिथले शेतकरी काय करतात ते पूर्ण ऐकलंस का?

पुतण्या — ऐकलं ना. जून-जुलैत कंद लावतात, तारेवर नाहीतर काट्याकुट्याच्या कुंपणावर चढवतात, डिसेंबर-जानेवारीत शेंगा तोडतात. एका हंगामात काम खलास.

काकाजी — आणि सकाळी सकाळी मजूर बायका प्रत्येक फुलापाशी जाऊन परागकण हाताने लावतात, ते?

पुतण्या — ते काहून?

इथे काकाजी उठले आणि कुंडीतलं एक फूल पुतण्याच्या हातात दिलं. फुलाच्या मधून निघालेली ती नळी, स्त्रीकेसराची, बुडापाशीच काटकोनात वळून एका बाजूला जाते. पुंकेसर भोवती आडवे पसरलेले. पराग आणि तो जिथे पोचायला हवा ते टोक, दोन्ही एकमेकांपासून लांब. रानात फुलपाखरं येतात, त्यांच्या पंखांनी काम होतं. एकरभर शेतात तेवढी फुलपाखरं कुठून येणार? म्हणून हात लावावा लागतो. पुतण्याने फूल उलटसुलट करून पाहिलं, बोटाने पराग उचलून त्या टोकाला लावला आणि म्हणाला, "एवढंच ना? कापसाच्या बीजोत्पादनात आमच्या बायका हेच करतात." हे मात्र खरं आहे. संकरित कापसाचं बी तयार करताना एकेका फुलाचं असंच हाताने परागण करतात. काकाजींचा पहिला वार वाया गेला.

काकाजी — बरं. कंद कुठून आणशील?

पुतण्या — जंगलातून. आणखी कुठून?

काकाजी — दोन फूट बाय दीड फुटावर लावायचे धरले, तर एका कंदाला तीन चौरस फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागून सांग.

पुतण्या — चौदा हजार… साडेचौदा हजार.

काकाजी — चौदा हजार पाचशे वीस. पन्नास ग्रॅमचा एक धरला तरी सातशे किलोच्या वर जातात. एवढे कंद तू कोणत्या जंगलातून काढणार? या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आष्टीपर्यंत जाऊन ये, एवढ्या वेली मोजता येतात का पाहा. आणि सब्बलने खणशील. हा कंद पाहिलायस कधी?

पोत्याखालून त्यांनी एक कंद काढला. दोन बाजूंना दोन हात फुटलेला, नांगराच्या आकाराचा, आतून पांढरा, वरून फिकट तपकिरी. बटाट्याला अंगभर डोळे असतात, एक तुकडा कापून लावला तरी उगवतो. याचं तसं नाही. प्रत्येक हाताच्या टोकाशी एकच कोंब, आणि ते टोक खडूसारखं कुरकुरीत. खणताना टोक तुटलं की तो हात गेला. वरून कंद धडधाकट दिसतो, पण जमिनीत घातला तर नुसता सडतो.

काकाजी — जो सब्बलने काढतो, त्याच्या हाताने कितीतरी टोकं मोडतात. म्हणजे जंगलातून चार काढायचे आणि शेतात दोन उगवायचे. आणि दरवर्षी जुना कंद वाळून त्याच्या जागी नवे बनतात, फार तर दोन. एकाचे दोन, दोनाचे चार. वेल एवढ्याच वेगाने वाढते. तू मात्र एकाच जूनमध्ये साडेचौदा हजार मागतोस.

पुतण्या — आणि तुमचं बी? ते किती वर्षांत फुलते?

काकाजी — तीन, चार.

पुतण्या — चार! काकाजी, चार वर्षांत सरकार बदलते.

काकू आतून म्हणाल्या, सरकार बदललं तरी या दोघांचं भांडण बदलणार नाही. चहा ठेवला होता.

काकाजींची रीत मी पाहिली आहे, ती सांगतो. शेंग हिरवी असते तेव्हा हात लावायचा नाही. ती सुरकुतली, पिवळट तपकिरी व्हायला लागली, की फुटायच्या आत काढायची. फुटली की तीन फाकांत लालभडक दाणे दिसतात आणि मग पाखरं आपल्याआधी पोचतात. दाण्याभोवतीचा लाल गर चोळून धुवायचा, सावलीत वाळवायचे, कागदाच्या पुडीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवायचे. ताजं बी लगेच पेरलं तरी ते उगवायला तयार नसतं. त्याला काही महिने झोप लागते. मृग लागायच्या सुमारास रात्रभर पाण्यात भिजवून, अर्धी वाळू आणि अर्धं पालापाचोळ्याचं कुजलेलं खत मिसळलेल्या मातीत बोटाच्या एका पेराइतकं खोल. मग वाट पाहायची. कुणी तीन आठवड्यांत वर येतो, कुणी दोन-तीन महिन्यांनी. एकाच पुडीतल्या, एकाच दिवशी पेरलेल्या बियांत हा फरक असतो, म्हणून पहिला कोंब आला की बाकीची माती उकरून पाहायची नाही.

पहिल्या वर्षी कळलावी कळलावीसारखी दिसत नाही. गवताची दोन-चार पानं वाटतात. नोव्हेंबरात तीही पिवळी पडून जातात आणि कुंडीत नुसती माती उरते. इथे बहुतेक लोक चुकतात: रोप मेलं म्हणून कुंडी ओतून देतात किंवा दया येऊन तिला पाणी घालत राहतात. खाली वाटाण्याएवढा कंद झोपलेला असतो. त्याला उन्हाळाभर पाणी नको असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा कुंडी उन्हात ठेवली तर माती तापून कंद शिजतो. म्हणून मांडवाच्या सावलीत, कोरडी. जूनमध्ये पुन्हा कोंब. दुसऱ्या वर्षी आकडे फुटतात, तिसऱ्या वर्षी चढते, तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी फूल.

पुतण्या — हे सगळं कुंडीला ठीक आहे. शेतीला नाही.

काकाजी — जगात असे लोक आहेत जे निव्वळ फुलासाठी एवढी वाट पाहतात. माझी एक विद्यार्थिनी स्कॉटलंडला आहे, फोनवर फोटो पाठवते. आपण हिवाळ्यात नॅस्टर्शियम लावतो ना, गोल पानांचं, नारिंगी फुलांचं? त्याचे कंद असणारे, वर चढणारे भाऊबंद चिलीत, अँडीज पर्वतात आहेत. थंड देशातले लोक ते बियांपासून वाढवतात. बी उगवायला महिने घेतं, कधी वर्ष घेतं. खोड केसाएवढं बारीक. आपली कळलावी हिवाळ्यात झोपते, त्यांच्यातले काही उन्हाळ्यात झोपतात. तिने तर पहिल्या उन्हाळ्यात मेलं म्हणून कुंडी ओतून दिली होती, मग कुणीतरी सांगितलं.

पुतण्या — म्हणजे तिकडचेही लोक तुमच्यासारखेच. बी मागवा ना तिच्याकडून, आपण लावू.

काकाजी — पाकिटातून बी मागवायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परवाना लागतो. आणि ते आलं तरी आपल्याकडे जगणार नाही. त्यातल्या एकाचा कंद अँडीजमधले लोक उकडून खातात, माशुआ म्हणतात. तो दिवस लहान व्हायला लागले की मगच कंद धरतो, आणि त्याला थंड रात्री लागतात. मे महिन्यातली आपली रात्र त्याने कधी पाहिलीच नाही.

माशुआबद्दल एक गंमत आहे, विषयाला सोडून असली तरी सांगतो. सतराव्या शतकातल्या एका स्पॅनिश पाद्र्याने लिहून ठेवलं आहे की इंका राजे मोहिमेवर निघालेल्या सैनिकांना हा कंद खाऊ घालत, बायकांची आठवण येऊ नये म्हणून. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, गड्यांना ही गोष्ट सांगायला कंद कशाला लागतो. आमच्या कळलावीची जुनी कीर्ती उलटी: अडलेल्या बाईला लवकर मोकळं करायला तिच्या मुळीचा लेप बेंबीखाली आणि तळपायाला लावत. दोन्हीकडे माणसाने कंद शरीरावर वापरून पाहिला आहे.

पण कळलावीचा कंद खायचा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. श्रीलंकेत आणि आपल्या देशातही रताळं किंवा रानकंद समजून खाल्ल्याने लोक मेले आहेत. आपल्या भागात पावसाळ्यात रानकंद खणून खातात, तेव्हा भीती जास्त. सुरुवातीला काही तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब, कॉलऱ्यासारखे. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड, यकृत, रक्त; वाचला तर आठवडा-दोन आठवड्यांनी डोक्याचे केस गळतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही. बीही तेवढंच विषारी. काकूंनी या वादात एकच अट घातली होती आणि ती दोघांनाही मान्य करावी लागली: जे काय लावायचं ते सांदवाडीत नाही. नातवंडं येतात, शेळ्या बांधलेल्या असतात.

पुतण्या — काकूचं बरोबर आहे. म्हणूनच मी शेतात म्हणतो. रानडुक्कर, नीलगाय माझं सोयाबीन ठेवत नाहीत. कळलावीला जनावर तोंड लावत नाही. हे तुम्ही धरलं का हिशेबात?

काकाजी — जनावर लावत नसेल. अळी लावते.

पान उलटून त्यांनी दाखवलं. काळी अळी, अंगावर पांढरे आणि लाल ठिपके, नटून आल्यासारखी. एका पानावर पाच-सहा. मधली शीर सोडून सगळं पान खाऊन टाकलेलं. ज्या विषाने माणूस मरतो ते खाऊन ती पोसते आणि आपल्या रंगानेच पाखरांना सांगते की मला खाऊ नका. तमिळनाडूत या अळीवर औषध फवारतात. काकाजी सकाळी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकतात. चार कुंड्यांना ते जमतं.

पुतण्या इथे एक गोष्ट बोलला, जी मी नंतर बरेच दिवस डोक्यात ठेवली. तो म्हणाला, काकाजी, तुमचं सगळं चार कुंड्यांना जमते. तुमचं पेन्शन महिन्याला येते.

काकाजींनी राग मानला नाही. ते पाचगावकडे वळले, कारण या तालुक्यात जंगलाचा विषय निघाला की पाचगाव निघतंच. गोंडपिपरी तालुक्यातलं हे लहानसं गाव. २०१२ साली वनहक्क कायद्याखाली त्याला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळाला होता. पाचगाव त्याच वाटेवरचं. हक्क मिळाल्यावर गावाने तेंदूपत्ता तोडायचं बंद केलं. उन्हाळ्यात हातात रोख पैसा देणारं तेंदू हेच मुख्य काम, तरीही. कारण कोवळी पानं यावीत म्हणून फांद्या छाटतात, जंगलाला आग लावतात. त्याऐवजी त्यांनी बांबू घेतला, आपल्या नियमांनी तोडला, आपण विकला. जंगलाचा काही भाग देवराईसारखा अजिबात न तोडता राखला.

काकाजी — आग लागली की काय होतं बघ. जमिनीतला कंद वाचतो, पण पाचोळ्यात पडलेलं बी जळतं. म्हणजे आगीच्या जंगलात जुन्या वेली जगतात आणि नवी पिढी तयार होत नाही. मग तू येतोस सब्बल घेऊन आणि जुन्याही नेतोस.

पुतण्या — कायद्यात कंद बसतात. मी वाचलं आहे. गौण वनउपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं, कंद सगळं लिहिलेलं आहे.

काकाजी — लिहिलेलं आहे. २००६ च्या कायद्यात. पण ते ज्या ग्रामसभेला हक्क आहे तिच्यासाठी. तिने ठरवायचं किती काढायचे, कुठून, कोणत्या महिन्यात. तुझ्यासारखा एकटा माणूस पोतं घेऊन गेला तर वनरक्षक धरणार आणि त्याने धरायलाच हवं.

पुतण्या — तेच तं म्हणतो मी. पाचगावचे लोक थांबू शकले, कारण कागद त्यांच्या हातात आहे. आज तोडलं नाही तरी उद्या ते आपलंच, ही खात्री आहे. मोहाच्या झाडाला कोणी हात लावत नाही, ते काहून? ते पिढ्यान्‌पिढ्या फुलं देणार हे माहीत आहे म्हणून. माझं काय? मी दोन एकर मक्त्याने करतो. दरवर्षी पाडव्याला मालक नव्याने आकडा सांगतो. पुढच्या वर्षी तेच शेत मला मिळेल का, मला माहीत नाही. बी पेरून चौथ्या वर्षी फूल पाहायला मी त्या शेतात असेन का? म्हणून मी कंद मागतो. जूनमध्ये लावला, डिसेंबरात बी विकलं, कंद उपटून पोत्यात भरला, निघालो. हंगामी माणसाला हंगामी पीक.

काही वेळ कोणी बोललं नाही असं मी लिहिणार नाही. काकाजींनी लगेच उत्तर दिलं, पण ते उत्तर दुसऱ्याच गोष्टीचं होतं. ते म्हणाले, बियांचा भावही हंगामी आहे. एखाद्या वर्षी निर्यातवाले घरी येऊन घेऊन जातात, पुढच्या वर्षी कोणी फोन उचलत नाही. तमिळनाडूत हे होतं. एक-दोन व्यापाऱ्यांवर सगळं पीक अवलंबून. इथून विकायचं तर गोंडपिपरीच्या बाजारात कळलावीच्या बियांना गिऱ्हाईक नाही, कापसाला आहे.

हे सगळं खरं होतं, पण पुतण्याच्या प्रश्नाला लागू नव्हतं. मला वाटतं काकाजींनाही ते कळत होतं. झाडांबद्दल बोलताना आपण शेतकऱ्याला घाई सोडायला सांगतो, निसर्गाच्या वेगाने चाल म्हणतो. कोणाच्या जमिनीवर, हे विचारत नाही. बियांपासून लावलेली कळलावी जंगलाला काही कमी करत नाही. आई जागेवर राहते, पुढच्या वर्षी पुन्हा शेंगा देते. या बाबतीत काकाजी शंभर टक्के बरोबर आहेत. पण ती लावायला चार पावसाळे एकाच जमिनीवर उभं राहता आलं पाहिजे. ज्याला ते येत नाही त्याच्या हाती सब्बल येते, आणि मग त्याला आपण जंगलाचा शत्रू म्हणतो.

पुतण्या — शाळेत तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, याच कोल्चिसिनने झाडाचे गुणसूत्र दुप्पट करतात.

काकाजी — हो. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्लेकस्लीने दाखवलं. पेशी विभागते तेव्हा तिचे दोन भाग होऊ देत नाही, म्हणून गुणसूत्रं दुप्पट राहतात. बिनबियांचं टरबूज त्याच्याशिवाय झालं नसतं.

पुतण्या — मग कळलावीलाच लावा ना थोडं. एका वर्षात दुप्पट होईल.

काकाजी हसले. तसं होत नाही, पण पोरगा वर्गात लक्ष देत होता एवढं खरं.

मग हिशेबाची वही निघाली. पुतण्याने आपलं मांडलं: जंगलातले कंद नाही घ्यायचे, मान्य. तमिळनाडूतून विकत आणायचे तर भांडवल पाहिजे, आणि रोगही सोबत येईल. राहिलं बी. बी काकाजींकडे आहे, दरवर्षी ओंजळभर होतं. जर काकाजींच्या धुऱ्यावर, जुन्या बाभळीच्या रांगेत, कुंपणाला लागून रोपं लावली तर त्याला आधाराला तार लागत नाही. शेळी तिकडे जात नाही. पहिली तीन वर्षं पैसा नाही, पण त्या धुऱ्यावर आजही पैसा नाही. चौथ्या वर्षापासून बी आणि कंद दोन्ही होतील. दुसऱ्या शेतकऱ्याला जंगलाऐवजी आपल्याकडून कंद घेता येतील. पुतण्याला इथे खरा धंदा दिसला: बी विकण्यात नाही, कंद विकण्यात. जे लोक पुढे कळलावी लावतील त्यांना जंगल खणावं लागू नये एवढे कंद तयार करायचे.

काकाजी — अर्धं बी मात्र जंगलात परत टाकायचं. पाचोळ्याखाली, जिथे आग जात नाही तिथे.

पुतण्या — अर्धं? चौथाई.

काकाजी — अर्धं.

पुतण्या — पहिली दोन वर्षं चौथाई, मग अर्धं.

काकू — आणि धुऱ्यावर फळी लावा. विषारी आहे म्हणून. मोठ्या अक्षरात, आणि चित्र काढा, सगळ्यांना वाचता येत नाही.

हे दोघांनाही पटलं. गोष्ट ठरली असं वाटून मी कप खाली ठेवला. पुतण्या मात्र उठला नाही.

पुतण्या — काकाजी, एक आहे. राग मानू नका. धुरा तुमचा आहे. उद्या दादा नागपूरवरून आला, म्हणाला शेत विकायचं आहे, तं?

काकाजी — मी आहे ना.

पुतण्या — तुम्ही आहात. लिहून द्या.

काकाजी — घरातल्या घरात लिहून? स्टॅम्प पेपरवर?

पुतण्या — साध्या कागदावर चालेल. धुरा कळलावीसाठी, पीक माझं, जमीन तुमची. फक्त चार पावसाळे लिहा.

काकाजींनी चष्मा लावला, वहीचं मागचं पान फाडलं आणि काकूंकडे पेन मागितलं.

काकाजी — पाच लिहितो. एखादा पाऊस दगा देतोच.